घरची नदीकाठची कॅम्पसाइट हातात घेताय? आधी सातबारा, मग तंबू

बाबांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी फोन वाजला. "काका, शनिवारी वीस जण येतोय. आमची आंब्याखालची जागा ठेवा." बाबा गेल्याचं सांगितलं तेव्हा पलीकडचा माणूस गप्पच झाला. त्याला काय बोलावं सुचेना, मलाही सुचेना, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "या तुम्ही. जागा ठेवते."

त्या "या तुम्ही"नंतर दोन वर्षं मी तलाठी कार्यालय, तहसील, भूमी अभिलेख, ग्रामपंचायत अशा फेऱ्या मारत होते. निम्म्या फेऱ्या फुकट गेल्या. कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हे सांगणारं कोणी नव्हतं. तुमच्या त्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून हे लिहितेय.

आमची जागा रायगडात, रोहा तालुक्यात, कोलाडच्या वरच्या अंगाला कुंडलिकेच्या काठावर. भात कापून झालं की आजोबा मोकळ्या खाचरात डोंगर चढायला आलेल्या पोरांना तंबू ठोकू द्यायचे आणि आजी त्यांना तांदळाच्या भाकऱ्या थापून घालायची. पैसे घ्यायची आजोबांना लाज वाटे, आजीला वाटत नसे. पुढे कुंडलिकेवर राफ्टिंग सुरू झालं, माणसं वाढली, बाबांनी पक्के संडास बांधले आणि स्वतःचे तंबू घेतले. आता तिसरी मी.

ज्यांच्याकडे अशी जागा वाडवडिलांकडून आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. शहरातून येऊन नदीकाठी शेतजमीन विकत घेऊ म्हणणाऱ्यांनी इथेच थांबावं. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. दलाल काहीही सांगू देत.

१. पहिल्याच दिवशी सातबारा काढा

नवा माणूस आधी तंबूंच्या किमती बघतो. मीही बघितल्या. सातबारा काढला तेव्हा कळलं, जमीन अजून आजोबांच्याच नावावर. म्हणजे बाबांनी तीस वर्षं जो धंदा केला, तो कागदावर दुसऱ्याच्या जमिनीत. बाबांना कधी अडलं नाही, कारण विचारायला कोणी आलं नाही. तुम्हाला अडेल, कारण आता प्रत्येक नोंदणीत पहिला कागद सातबाराच मागतात.

महाभूलेखवर दिसतो तो उतारा नुसता बघण्यापुरता. कामाला डिजिटल सही असलेला लागतो, तो ऑनलाइन १५ रुपयांत निघतो. सोबत आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि जुने फेरफार (हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी) हेही काढा. मग उताऱ्यात हे शोधा:

- भोगवटादार वर्ग १ की वर्ग २. वर्ग २ असेल तर जमिनीच्या वापरावर आणि हस्तांतरावर शर्ती असतात. त्या समजून घेतल्याशिवाय एक वीटही रचू नका.
- इतर हक्कात काय आहे. कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, विहिरीतला वाटा, जाण्यायेण्याची वहिवाट. आमच्या उताऱ्यात आजोबांनी बैलजोडीसाठी काढलेल्या कर्जाचा बोजा तसाच होता. बैल जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.
- पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, किती. नदीकाठच्या गटात तो बराच असतो, त्यातला 'ब' वर्ग म्हणजे ओढे, रस्ते अशा सार्वजनिक वापराकडे गेलेला भाग. तो आपल्या हिशेबात धरू नका.

२. वारस नोंद करा आणि आत्यांना भेटायला जा

कायद्यानं वारसाहक्काची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण दोन पिढ्यांचा उशीर असेल तर कागद दुप्पट लागतात. अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या भाषेत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे. ई-हक्क प्रणालीतूनही करता येतो. चौकशी होऊन नाव वारस नोंदवहीत चढतं, मग फेरफार धरला जातो, नोटीस निघते. हरकतीला १५ दिवस. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

सोबत न्यायचं:

- मृत्यूचे दाखले (आमच्या बाबतीत आजोबा, आजी आणि बाबा, तिघांचे)
- सगळ्या वारसांची नावं, वय, पत्ते आणि मयताशी नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र
- सातबारा आणि आठ-अ
- रेशन कार्ड, आणि जमेल तेवढ्या वारसांच्या आधारच्या प्रती

इथला सगळ्यात मोठा सापळा गावातलाच कोणीतरी प्रेमानं सांगतो: "आत्यांची नावं कशाला घालतेस? त्या लग्न होऊन गेल्या." असलं काही करू नका. मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२० मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यावर वाद घालण्यात अर्थ उरलेला नाही. खोटं प्रतिज्ञापत्र केलंत तर नोंद पुढे कधीही उपटली जाईल, तीही तुमचा धंदा चालायला लागल्यावरच.

मला तीन आत्या. मोठी पनवेलला असते. तिच्याकडे जाताना मी पेढे आणि हक्कसोडपत्राचा मसुदा दोन्ही घेऊन गेले. तिनं पेढे घेतले, मसुदा डब्याखाली सारला आणि म्हणाली, "सही मागतेस ती माग. पण लग्न झाल्यापासून मी त्या घाटावर पाय सोडून बसले नाहीये. आधी मला नदीवर ने, मग बघू." नेलं. ती चार दिवस राहिली. सही केली नाही, आणि तेच बरं झालं. आता तिघीही सहहिस्सेदार आहेत, संमतीपत्र लिहून दिलंय, आणि दरवर्षी मे महिन्यात हिशेबाची वही त्यांच्यासमोर उघडते.

तुमच्याकडे हक्कसोड करायचंच ठरलं तर ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हवं. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून ठेवलेल्या कागदाचा उपयोग शून्य. आणि सगळे सहमत असतील तर तहसीलदारांकडून जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली वाटपही होतं. वाटप केलं तर नदीकडची पट्टी एकालाच आणि मागचा माळ दुसऱ्याला असं होऊ देऊ नका. पाण्याकडे जाणारी वाट सगळ्यांच्या हिश्श्यात लिहून घ्या. मागच्या माळावर तंबू लावायला कोण येणार?

३. मोजणी आणून घ्या, वाळू आपली समजू नका

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. मोजणीच्या दिवशी शेजारचे खातेदार हजर राहतील असं बघा आणि खुणा केल्यावर त्याच दिवशी दगड पुरा. खुंट्या गुरं उपटतात. 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली की तिच्या चार झेरॉक्स काढून चार घरांत ठेवा.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की जो वाळूचा आणि गोट्यांचा सुंदर पट्टा उघडा पडतो, आणि जिथे प्रत्येक पाहुण्याला तंबू हवा असतो, तो बहुधा तुमचा नसतोच. नदीचं पात्र सरकारी. तिथे कुंपण घालू नका, ओटा बांधू नका, वाळू तर मुळीच उचलू नका. गावातली माणसं तिथे कपडे धुतात, गुरं पाण्यावर नेतात, मासे धरतात. ती वाट अडवलीत तर पहिली तक्रार गावातूनच जाईल, आणि ती बरोबरच असेल.

तुमची जागा खाली खाडीकडे असेल, म्हणजे भरतीचं पाणी तिथवर चढत असेल, तर किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. आम्ही वर असल्यानं त्यातून सुटलो.

४. पुराची रेघ आणि पाण्याची वेळ

हा टप्पा मी बाकी सगळ्याच्या वर ठेवते.

पूररेषा दोन असतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. पात्र ते निळी रेषा हा निषिद्ध भाग, निळी ते लाल हा नियंत्रित. तुमच्या भागात रेषा आखल्या आहेत का, हे जलसंपदा विभागात लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

उत्तर येईपर्यंत गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आमच्याकडे १९८९ च्या जुलैचं नाव अजून निघतं. त्या वर्षी शेजारच्या अंबा नदीनं जांभूळपाडा बुडवलं होतं. २००५ च्या २६ जुलैनंतर बाबांनी गोठ्याच्या भिंतीवर डांबरानं रेघ ओढली. २०२१ च्या जुलैत पाणी त्या रेघेच्या चार बोटं खाली थांबलं. माझे संडास, स्वयंपाकघर आणि विजेचा बोर्ड त्या रेघेच्या वर आहेत. फक्त तंबू खाली, आणि ते पावसाळ्यात नसतात.

आता रोजच्या पाण्याचं. कुंडलिका मे महिन्यातही वाहते, याचं पाहुण्यांना फार अप्रूप. कारण असं की सह्याद्रीच्या पलीकडचं मुळशी धरणाचं पाणी डोंगरातून खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं, वीज करतं आणि मग आपल्या नदीत उतरतं. हे १९२७ पासून चालू आहे. (ते धरण होऊ नये म्हणून सेनापती बापटांनी मावळ्यांना घेऊन सत्याग्रह केला होता. पलीकडच्या गावांची बुडालेली शेतं, आणि आमच्याकडे राफ्टिंग. हे पाहुण्यांना मी सांगते. सगळ्यांना ऐकायला आवडतं असं नाही.)

पण याचा दुसरा अर्थ असा की वर पाणी सोडलं की आमच्याकडे आभाळ निरभ्र असतानाही नदी चढते. बहुतेक दिवशी सकाळी, पण वेळ आणि जोर विजेच्या मागणीवर. रोज सारखं नसतं.

माझ्या पहिल्याच हंगामात तीन मुलं सकाळी गुडघाभर पाण्यातून मधल्या खडकावर जाऊन बसली. चपला खडकाच्या कडेला काढून ठेवलेल्या. मी चहा ओतत होते. आधी एक चप्पल हलली, मग दोन्ही निघाल्या, सावकाश, कोणीतरी पायात घालून चालल्यासारख्या. तोवर पोरांना काही कळलंच नव्हतं. दहा मिनिटांत काठ आणि खडक यांच्यामध्ये छातीभर पाणी झालं होतं आणि त्याला ओढ होती. वरून राफ्ट घेऊन येणाऱ्या गावातल्या पोरांनी त्यांना उतरवून घेतलं.

तेव्हापासूनचे आमचे नियम:

- काठावरच्या एका दगडावर लाल पट्टा रंगवलाय. त्याला पाणी टेकलं की पात्रातून सगळे बाहेर. वाद नाही.
- सकाळी पाणी येऊन गेल्याशिवाय कोणीही खडकावर जायचं नाही.
- पोहायला एकच डोह, तोही लाइफ जॅकेट घालून. "मला येतं पोहता" म्हणणाऱ्यांकडे जास्त लक्ष.
- दारू प्यायलेला माणूस पाण्यात नाही. बाबा यावरून बुकिंगचे पैसे परत करून माणसं घालवायचे. मीही दोनदा घालवलीत.
- फुगवलेली ट्यूब आणि लांब दोर काठावर टांगलेला. घरात नाही, काठावर.

५. कागदांची पिशवी

सगळं एकदम मिळणार नाही. या क्रमानं जा:

- ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. आधी सरपंचांना आणि सदस्यांना जागा दाखवा, मग अर्ज करा.
- पर्यटन संचालनालयाकडे कृषी पर्यटन केंद्र म्हणून नोंदणी. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं आहे. सातबारा, आधार, पॅन, वीजबिल, अन्न नोंदणी (पुढचाच मुद्दा, ती आधी करून घ्या) आणि शुल्काचं चलन तयार ठेवा. शेती खरंच चालू असली पाहिजे. नुसते तंबू म्हणजे कृषी पर्यटन नव्हे. शाळांच्या सहली आणायच्या तर हे प्रमाणपत्र कामाला येतं.
- अन्न सुरक्षा नोंदणी. अर्ज फॉसकॉस पोर्टलवर. घरचं जेवण असलं तरी विकताय म्हणजे लागते.
- उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची नोंदणी. सरकारी पोर्टलवर मोफत आहे. तिचे पैसे मागणाऱ्या, सरकारी वाटतील अशा वेबसाइट ढिगानं आहेत.
- वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी.
- राफ्टिंग, कयाक, दोरावरून नदी ओलांडणं असं काही स्वतः चालवणार असाल तर २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली वेगळी नोंदणी. मी चालवत नाही. ज्यांचं ते काम आहे त्यांच्याकडे पाहुणे पाठवते आणि त्यांचं प्रमाणपत्र आधी डोळ्यांनी बघते.

पक्क्या खोल्या बांधायच्या असतील तर अकृषिक परवानगीचा प्रश्न तहसील कार्यालयात लेखी विचारा, तोंडी उत्तरावर जाऊ नका. मला एका कार्यालयात तीन टेबलांवर तीन उत्तरं मिळाली. म्हणून मी अजून तंबूवरच आहे.

आणि झाडं. तंबूंना जागा करायला आंबा, जांभूळ, फणस तोडायचा विचार असेल तर थांबा. स्वतःच्या मालकीचं असलं तरी त्यांना परवानगी लागते. शिवाय सावली हाच तर आपला माल आहे.

६. तंबू, संडास, उजेड

तंबूसाठी मुरूम घालून वीतभर उंच ओटा करा आणि भोवती चर खणा. अवकाळी पाऊस मार्च-एप्रिलमध्येही येतो. सुक्या फांदीखाली आणि नारळाखाली तंबू नको. दोन तंबूंत इतकं अंतर ठेवा की शेजारच्याचं घोरणं ऐकू येणार नाही. साधारण दहा पावलं.

पैसे कमी असतील तर तंबू साधे घ्या, संडास चांगले बांधा. बायका जागा परत निवडतात ती संडासावरून. आतून लागणारी कडी, खुंटी, बादली, रात्रभर जळणारा दिवा आणि तंबूपासून तिथपर्यंत उजेडाची वाट. शोषखड्डा नदीपासून आणि विहिरीपासून होईल तितका लांब, विहिरीच्या खालच्या उताराला. आपल्या पाहुण्यांचा मैला खालच्या गावाच्या पाण्यात जाता कामा नये.

साप दिसणारच. कोकणात फुरसं जास्त, तेही पालापाचोळ्यात. जागा झाडून ठेवा, रात्री बॅटरीशिवाय कोणी चालू नये, सकाळी बूट झटकून घालावेत. दंश झालाच तर चिरणं, चोखणं, मांत्रिक काही नाही. अवयव हलू न देता थेट रुग्णालय. लस कुठल्या सरकारी रुग्णालयात असते हे हंगामाच्या आधीच जाऊन विचारून या, आणि १०८ हा नंबर प्रत्येक तंबूत लिहून लावा.

७. आपलं जेवण घाला

बाबांच्या शेवटच्या वर्षांत मेन्यूत पनीर आणि नूडल्स आले होते. मी काढून टाकले. आता तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, नदीचे मासे मिळाले तर मासे, आणि थंडीत पोपटी. वालाच्या शेंगा भरल्या की पाहुणे त्यासाठीच फोन करतात.

पोपटीसाठी मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवायचा. त्यावर ओवा आणि जाडं मीठ लावलेल्या शेंगा, मधे बटाटे, अंडी, मसाला चोपडलेलं चिकन केळीच्या पानात. वरून पुन्हा पाला ठासायचा आणि मडकं उपडं घालून भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. पाणी अजिबात घालायचं नाही. अर्ध्या तासानं मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडायचे. चर्र होऊन लगेच उडाले आणि पाल्याचा वास सुटला की झालं. हे काम माझा चुलतभाऊ करतो, आणि तेवढा वेळ वीस माणसं मोबाइल खिशात ठेवून नुसती जाळाकडे बघत बसतात.

जाळ ठरलेल्या एकाच जागी, गवतापासून लांब, बाजूला भरलेली बादली. झोपायला जाताना राखेत हात घालून बघायचं.

८. बुकिंग, पैसे आणि रात्रीचे दहा

आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय जागा धरू नका, ओळखीचे असले तरी. नव्या माणसाला हमखास येणारा फोन: "मी लष्करातून बोलतोय, आमच्या जवानांसाठी तीस जणांचं बुकिंग, पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा." पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. माझ्या चुलत्यांचे नऊ हजार असे गेले.

प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र बघा, नाव-पत्ता वहीत लिहा. परदेशी पाहुणा राहिला तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवायची असते, हे मला पहिल्या जर्मन जोडप्यानंच सांगितलं. रात्री दहानंतर स्पीकर बंद, हा कायदाच आहे. बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहून पाठवा, म्हणजे रात्री भांडण होत नाही.

९. मेअखेर गुंडाळा

"पावसातली नदी बघायचीय" असे फोन जूनमध्ये सर्वांत जास्त येतात, आणि त्या पैशाचा मोह मोठा असतो. काठावरचे तंबू मी ३१ मेला काढते. उन्हात दोन दिवस पूर्ण वाळवायचे, शिवणी तपासायच्या, दांड्या मोजून बांधायच्या आणि माळ्यावर टांगायचे. जमिनीवर ठेवलेत तर उंदीर ऑक्टोबरपर्यंत खिडक्या करून ठेवतात. दोर, ट्यूब, जॅकेटं धुऊन गोठ्यात. विजेची तार काठावरून सोडवून गुंडाळायची. वाळूवरून शेवटची फेरी मारून बाटल्या, झाकणं, चमचे वेचायचे.

मग लाल पट्ट्याचा दगड पुन्हा रंगवायचा. पावसात रंग जातो, पण ऑक्टोबरात पाणी उतरल्यावर दगड कुठला होता हे कळण्यापुरता राहतो.